दोनशे चाळीस तास

कांद्याचा हंगाम लागून चार दिवसही झाले नव्हते, आणि शिपाईण सकाळी साडेदहाला घरी परत आली. डबा न उघडता. चपला काढून ती मोरीत गेली, हात खसाखसा धुतले, आणि मग तिच्या लक्षात आलं की धुण्यासारखं आज हातांना काही लागलेलंच नाही. वास येत होता तो कालचा होता.

नवरा शाळेत शिपाई, म्हणून गल्लीत ती शिपाईण. कांदा वाळवायच्या कारखान्यात मात्र ती सोळा नंबर. निवडीच्या पट्ट्यावर तिची जागा सोळावी होती, आणि चौदा हंगाम तीच होती. पट्ट्यावरून कांदे येत. शेंडा आणि मूळ छाटायचं, साल काढायची, आणि काढता काढता अंगठ्याने कांद्याची मान दाबायची. मान कडक लागली तर कांदा पुढे, मऊ लागली तर खाली बादलीत. वरून लखलखणारा कांदा आतून सडलेला असतो, ते डोळ्यांना दिसत नाही, मानेत कळतं. असा एक जरी चिरून भट्टीत गेला तरी अख्ख्या ट्रेला वास धरतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. अंगठा आपला आपण शिकला होता.

दुपारी शिपाई जेवायला घरी आला. बायको उंबऱ्यात बसलेली पाहून दारातच थबकला.

"आज लवकर सुटलीस?"

"सुटले नाही, सोडलं. चाळीसच्या चाळीस बायका. सुपरवायझर म्हणाला, मावशी, आता विश्रांती घ्या, उद्यापासून मुलं येणार आहेत कामाला. म्हटलं, कुणाची मुलं? तर म्हणे, तुमचीच."

शिपायाने ताट पुढे ओढलं. पहिला घास तोंडात घातला आणि तोच बराच वेळ चावत राहिला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला कसं माहीत असणार?"

"अहो, शाळेत खडूचा डबा हलला तरी तुम्हाला माहीत असतं."

"मी फक्त खुर्च्या मांडल्या," शिपाई म्हणाला.

त्याने खुर्च्या मांडल्या होत्या हे खरं होतं. महिन्यापूर्वी शाळेच्या सभागृहात करार झाला. योजनेचं नाव 'उद्याचे हात'. कारखान्याचे मॅनेजरसाहेब म्हणाले, उद्योगाला कुशल हात मिळत नाहीत. मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, म्हणाले, शाळा आणि उद्योग यांच्यामधली भिंत आज पडली. त्या वेळी शिपाई खऱ्या भिंतीशी एका हाताने बॅनरची सुटलेली दोरी धरून उभा होता. दुसऱ्या हातात बिस्किटांची ताटली होती. टाळ्या वाजवायला त्याच्याकडे हात उरला नव्हता, त्यामुळे त्याचा पाठिंबा आहे की नाही हे कुणाला कळलं नाही.

करारात असं होतं की अकरावी-बारावीच्या अडतीस मुलांनी हंगामात कारखान्यात दोनशे चाळीस तास प्रत्यक्ष काम करायचं. प्रत्येकाला एक कार्ड. कार्डावर तास पूर्ण झाले नाहीत तर परीक्षेचा अर्ज पुढे जाणार नाही. दोनशे चाळीसच्या वर एक तासही कुणाला राबवायचं नाही, कारण विद्यार्थ्यांचं शोषण होता कामा नये. आणि पगार नाही, कारण शिकणाऱ्याला पगार देणं हा शिक्षणाचा अपमान आहे. हे शेवटचं वाक्य मॅनेजरसाहेबांचं. ते म्हणताना त्यांचा आवाज जरा भरूनही आला होता.

संध्याकाळी तोफ आली. ती पट्ट्यावरची सतरा नंबर. विधवा, दोन मुलांची आई, आणि आवाज असा की नाव दुसरं ठेवताच आलं नसतं.

"शिपाईणबाई, आहात का घरी? असणारच म्हणा, जाणार कुठं!" ती ओट्यावर बसली. "काय डोकं बघ मेल्यांचं. आपल्या जागेवर आपलीच पोरं बसवली. परक्याची बसवली असती तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या."

शिपाई आत कपड्यांच्या घड्या करू लागला. घड्या केलेल्याच होत्या, त्याने मोडून पुन्हा केल्या.

शिपायाची पोरगी बारावीला होती. तालुक्याच्या सरकारी तंत्रनिकेतनात तिला विजेच्या शाखेला जायचं होतं, आणि हे तिने कुणाला विचारून ठरवलं नव्हतं. योजनेचं रंगीत पत्रक तिने वहीत जपून ठेवलं होतं. त्यावर एक मुलगी कारखान्याच्या मोठ्या कंट्रोल पॅनलसमोर उभी होती, पांढरं हेल्मेट घालून.

"आई, आम्हाला पॅनल शिकवणार आहेत. भट्टीची उष्णता कशी सांभाळतात, मोटरी कशा सुरू होतात, सगळं."

"हो का," शिपाईण म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "उद्या जाताना नाकाला रुमाल बांध. पहिले तीन दिवस डोळे फार झोंबतात."

सकाळी तिने स्वयंपाकातला एक कांदा घेतला आणि पोरीचा अंगठा त्याच्या मानेवर ठेवला. "इथं. जोर नाही लावायचा. लहान बाळाची टाळू बघतो ना, तसं. आता हा बघ." दुसरा कांदा दिला. "कळलं?"

"याची मऊ आहे."

"वरून काही दिसतंय?"

"काही नाही."

"मग झालं. एवढंच आहे ते."

कारखान्याचा टेम्पो शाळेच्या फाटकातून मुलं घेऊन गेला. फाटक शिपायाने उघडलं आणि शिपायानेच लावलं. टेम्पोत मागे उभ्या पोरीने बापाकडे पाहून हात हलवला. त्याने इकडेतिकडे बघून, कमरेच्या खालीच ठेवून, हात हलवला.

पोरगी परत आली तेव्हा तिचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते. शिपाईणीने ओलं फडकं तिच्या पापण्यांवर ठेवलं.

"कितवा नंबर मिळाला?"

"सोळा. सुपरवायझर म्हणाले, ही त्या मावशींची ना, हिला जागा माहीत असेल."

शिपाईण म्हणाली, "त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. मी खाली लाकडाची चकती सारून ठेवली होती."

"आहे अजून. हलत नाही."

"आणि पॅनल?"

"काचेतून दिसतं," पोरगी म्हणाली. "खोलीला कुलूप असतं. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी."

सुरक्षिततेच्या बाबतीत कारखाना फार काटेकोर होता. मुलांना निळे रबरी हातमोजे दिले होते. एकाच मापाचे, जाडजूड, मोठ्या पुरुषाच्या हाताचे. पोरीच्या बोटांच्या पुढे अर्धा इंच रबर रिकामं लोंबायचं. त्यातून कांद्याची मान काय, कांदा आहे की बटाटा हेही नीट कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने उजव्या हाताचा मोजा काढला. पट्ट्याच्या कडेने फिरणाऱ्या समन्वयक मॅडम धावत आल्या. त्या करार जुळवून देणाऱ्या संस्थेच्या होत्या, शहरातून आलेल्या, तिशीच्या, गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब.

"नो नो, बेटा! मोजा घाल."

"मॅडम, मोज्यातून मान कळत नाही."

"कुणाची मान?"

"कांद्याची."

मॅडमनी टॅबवर काहीतरी पाहिलं. "आपल्या मॉड्यूलमध्ये मान नाहीये. रंग, आकार, डाग, एवढं बघायचं. मोजा काढला तर सुरक्षेचे दोन गुण जातात."

पोरीने मोजा घातला. तिला गुण हवे होते.

शिपाईण आणि तोफ आता मिळेल ते काम करत होत्या. कुणाच्या शेतात निंदायला, कुणाच्या बांधकामावर विटा वाहायला. ऊन असं की दुपारी विटेला हात लावला तर फुंकर मारावी लागे. चौदा वर्षं बसून काम केलेली शिपाईणीची कंबर उभ्या कामाला तयार होईना. विटांच्या पाचव्या खेपेला ती वाटेतच बसली. मुकादम म्हणाला, "मावशी, कारखान्यात एसीत बसायची सवय दिसते." तिथे एसी नव्हता. भट्टीच्या भिंतीला पाठ लावून ती चौदा वर्षं बसली होती. पण सांगायचं कुणाला? तोफेने सांगितलं. त्यानंतर त्या दोघींना त्या बांधकामावर बोलावणं आलं नाही.

घरी रोज संध्याकाळी आई आणि लेक समोरासमोर बसत, एक कंबर शेकत, एक डोळे.

"आई, तुला राग येतो का गं माझा?"

"तुझा कशाला?"

"मी तुझ्या जागेवर बसते म्हणून."

"जागा काय माझ्या बापाची होती?" शिपाईण म्हणाली. "तू तुझे तास भर. अर्ज गेला पाहिजे. बाकीचं मी बघते."

बघण्यासारखं तिच्या हातात काय होतं, हे तिलाही माहीत नव्हतं.

सत्तावीस दिवस झाले. कार्डावर दोनशे सोळा तास भरले. उरले चोवीस, म्हणजे तीन दिवस. आणि त्या सकाळी मॅनेजरसाहेबांची गाडी शाळेत शिरली ती फाटक पुरतं उघडायच्या आत. शिपाई कसाबसा बाजूला झाला.

माल परत आला होता. वाळवलेल्या कांद्याच्या तीन गाड्या, मोठ्या गिऱ्हाइकाकडून, वासासकट. आतून सडलेला कांदा भट्टीत गेला होता, एक-दोन नाही, पोत्यांनी.

मोठ्या सरांच्या खोलीत बैठक झाली. शिपाई चहा घेऊन आत गेला आणि कुणी जा म्हणालं नाही म्हणून दाराशी उभा राहिला. तो उभा असला तरी खोलीत कुणी आहे असं सहसा कुणाला वाटत नसे.

"आम्ही तुमच्या मुलांवर विश्वास टाकला," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"शाळेने आपल्या बाजूने सर्व सहकार्य केलं आहे," मोठे सर म्हणाले.

"आमच्या बायका हे काम डोळे मिटून करायच्या."

मग बायका कुठे आहेत, हे कुणी विचारलं नाही. तो प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता.

समन्वयक मॅडमनी मार्ग काढला. त्या शांत होत्या. "ज्या दिवसांचा माल परत आला, त्या दिवसांत अध्ययन निष्पत्ती साध्य झालेली नाही. म्हणजे ते तास शिकण्याचे धरता येणार नाहीत. साठ तास होतात. ते वजा करू या."

"सगळ्यांचे?" मोठ्या सरांनी विचारलं.

"सगळ्यांचे. न्याय एकसारखा हवा."

मोठ्या सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "ठीक आहे," ते म्हणाले. "मुलांनी जबाबदारीही शिकली पाहिजे."

प्रत्येक कार्डावर लाल पेनाने साठ तास खोडायचं काम शिपायाकडे आलं. मोठ्या सरांचं अक्षर लहान होतं आणि त्यांना वेळ नव्हता. अडतीस कार्डं. सव्विसावं पोरीचं होतं. ते त्याने आधी बाजूला ठेवलं, सगळी झाल्यावर पुन्हा घेतलं आणि खोडलं.

संध्याकाळी पोरीने भिंतीला पाठ टेकून हिशेब मांडला. दोनशे सोळातून साठ गेले, राहिले एकशे छप्पन्न. हवेत अजून चौऱ्याऐंशी. अर्जाची शेवटची तारीख नऊ दिवसांवर. रोज आठ तास म्हटले तर होतात बहात्तर.

"बारा कमी पडतात," ती म्हणाली. "कसंही केलं तरी बारा कमी पडतात."

"मॅडमना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाल्या, वेळेचं नियोजन हे फार महत्त्वाचं कौशल्य आहे. आणि पुढच्या वर्षी पुन्हा संधी आहेच."

"पुढच्या वर्षी?" शिपाईण उठून उभी राहिली. "एक वर्ष घालवायचं? कांदा तुम्हाला कळू दिला नाही त्यांनी, आणि वर्ष तुझं जाणार?" ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही? तुम्ही होतात ना तिथं?"

"होतो."

"मग?"

"चहा दिला," शिपाई म्हणाला. खाली बघून त्याने सांगितलं, "आणि कार्डं मीच खोडली."

पोरगी बापाकडे बघत राहिली. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. डोळे आधीच सुजलेले होते, त्यामुळे काही कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी कारखान्याची जीप गल्लीत आली. गल्लीत जीप फक्त निवडणुकीत येते, म्हणून शेजारीपाजारी बाहेर आले. समन्वयक मॅडम उतरल्या, मागून सुपरवायझर.

"ताई, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडे पारंपरिक ज्ञान आहे. ते पुढच्या पिढीला मिळायला हवं."

"ते मी पहिल्याच दिवशी माझ्या पोरीला दिलं होतं," शिपाईण म्हणाली. "तुम्ही मोजा घालायला लावलात."

मॅडम हसल्या. त्यांना हसण्याचं प्रशिक्षण झालेलं असावं. "म्हणूनच तर. तुम्ही दोन दिवस या. मुलांना मान दाबायला शिकवा. आपण व्हिडिओ पण करू. रीतसर कार्यक्रम घेऊन तुमचा सन्मान करू."

"आणि मजुरी?"

"सन्मानपत्र देणार आहोत ना, ताई."

तोफ शेजारच्या ओट्यावरून ओरडली, "फ्रेम करून द्या हो, नाहीतर चुलीत घालेल ती!"

शिपाईणीला नाही म्हणायचं होतं. शब्द ओठावर आला होता. पण दारात पोरगी उभी होती, आणि शिपाईणीच्या डोक्यात बारा तास घोळत होते. "येते," ती म्हणाली.

कारखान्यात गेल्यावर तिने पहिल्यांदा सगळ्यांचे मोजे काढायला लावले. मॅडम काही बोलणार होत्या, मॅनेजरसाहेबांनी हाताने थांबवलं. तीन गाड्या परत आल्यावर सुरक्षिततेबद्दलचं त्यांचं मत बदललं होतं. दोन दिवस शिपाईण अडतीस मुलांच्या मागून फिरली. एकेकाचा अंगठा धरून तिने मानेवर ठेवला. एक दांडगा मुलगा फार जोरात दाबायचा, त्याला म्हणाली, "अरे, गळा नाही आवळायचा त्याचा, विचारपूस करायची." मुलं हसली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बादल्या सडक्या कांद्यांनी भरू लागल्या. आणि व्हिडिओ काढणारा सांगत होता, "मावशी, जरा हळू दाबा, अंगठा कॅमेऱ्यात येत नाहीये. अजून एकदा. आता बाजूने."

पाचव्यांदा दाबताना तिला कळलं. हा व्हिडिओ एकदा झाला की पुढच्या हंगामात तिला बोलवायचंही कारण उरणार नव्हतं. तरी तिने दाबला. समोर पोरं बसली होती, त्यांचा काही दोष नव्हता.

संध्याकाळी शाळेत कार्यक्रम झाला. शिपायाने खुर्च्या मांडल्या. मंचावर शिपाईण बसली, खुर्चीच्या अगदी कडेला, उठायला सांगितलं तर लगेच उठता यावं अशी. मोठे सर बोलले, मॅनेजरसाहेब बोलले. सन्मानपत्र दिलं, फोटो काढले. मग तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिने माइक धरला तो कांद्यासारखा.

"पोरांचे साठ तास परत द्या," ती म्हणाली. "काम त्यांनी केलंय."

सभागृहात कुणीतरी टाळी वाजवली आणि मध्येच थांबवली.

कार्यक्रमानंतर ती मॅनेजरसाहेबांकडे गेली. ते म्हणाले, "तासांचा विषय शाळेचा आहे." ती मोठ्या सरांकडे गेली. ते म्हणाले, "तास कारखान्यात झाले, तेव्हा ते प्रमाणित करणं कारखान्याचं काम." ती मॅडमकडे गेली. त्या म्हणाल्या, "मी फक्त समन्वय करते."

तिघंही खरं बोलत होते. शाळा आणि उद्योग यांच्यामधली भिंत खरोखरच पडली होती, त्यामुळे कुणाच्या दारात उभं राहायचं तेच कळत नव्हतं.

घरी आल्यावर शिपाईणीने सन्मानपत्र पोरीच्या हातात दिलं आणि चूल पेटवायला बसली. "वाच तरी काय लिहिलंय ते. मला कागदाचा वास बघून कळत नाही."

पोरीने वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग दप्तरातून आपलं कार्ड काढलं, उलटं केलं आणि दोन्ही शेजारी शेजारी जमिनीवर ठेवली.

"आई, यात म्हटलंय की तुला या योजनेची 'प्रमाणित प्रशिक्षक' म्हणून नेमण्यात येत आहे. 'चालू सत्रासाठी.' खाली सरांची सही, साहेबांची सही."

"बरं, मग?"

"कार्डाच्या मागे नियम आहेत. चौथा नियम. 'तासांची नोंद प्रमाणित प्रशिक्षकाच्या सहीने ग्राह्य धरली जाईल. वादग्रस्त तासांबाबत प्रशिक्षकाचा निर्णय अंतिम राहील.'"

"हा प्रशिक्षक आजपर्यंत कोण होता?"

"कुणीच नव्हता. सुपरवायझर नुसती रेघ ओढायचे."

शिपाई कोपऱ्यात बसला होता. दोन दिवस तो घरात कमीच बोलत होता. तो म्हणाला, "सन्मानपत्रावर शिक्का पण आहे. मीच मारला." तो जरा पुढे सरकला. "शिक्का माझ्या कपाटात असतो."

बायकोने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"तुमची नोकरी?"

"तुझी गेली तेव्हा मी खुर्च्या मांडत होतो," शिपाई म्हणाला. "उद्या मधल्या सुट्टीत ये. व्हरांड्यात टेबल मांडतो."

मधल्या सुट्टीत अडतीस मुलं ओळीने उभी राहिली. शिपाईण चौथीपर्यंत शिकलेली, सही तिने आयुष्यात फार तर दहा-बारा वेळा केली असेल. लाल रेघेच्या शेजारी पोरीने स्वच्छ अक्षरात लिहायचं, 'साठ तास प्रत्यक्ष झाले, ग्राह्य', आणि शिपाईणीने खाली सही करायची. एकेक अक्षर ती कोरून काढत होती. एक मुलगा हळूच म्हणाला, "मावशी, दोनशे चाळीसच लिहून टाका ना, कशाला पुन्हा यायचं?" तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कार्ड मागे घेतलं.

"जेवढं केलंत तेवढं लिहिणार," ती म्हणाली. "खोटं लिहायला मी काय मोठी साहेबीण आहे?"

शिपाई प्रत्येक सहीवर शिक्का मारत होता. ठाक. ठाक. आवाज मोठ्या सरांच्या खोलीपर्यंत गेला आणि ते बाहेर आले.

"हे काय चाललंय?"

"तासांची नोंद, सर," शिपाई म्हणाला. अठरा वर्षांत पहिल्यांदा तो सरांशी बोलताना खुर्चीवर बसलेला होता. उठायचं राहून गेलं.

"कुणाच्या अधिकाराने?"

पोरीने सन्मानपत्र पुढे केलं. मोठ्या सरांनी ते वाचलं. आपलीच सही त्यांनी बराच वेळ निरखली. ती नाकारायची तर, प्रशिक्षक नसलेल्या बाईला प्रशिक्षक म्हणून मंचावर बसवलं असं लेखी द्यावं लागणार होतं, आणि व्हिडिओ तर सकाळीच कारखान्याच्या मुख्य कार्यालयाला गेला होता. ते खोलीत गेले आणि मॅनेजरसाहेबांना फोन केला. दाराबाहेर ऐकू आलं ते एवढंच: "नाही, मसुदा तुमच्याकडून आला होता."

चाळीस-चाळीस किलोच्या ढिगाने कांदे उपसून कधी न दुखलेलं शिपाईणीचं मनगट अडतिसाव्या सहीला भरून आलं. तिने ते दुसऱ्या हाताने धरलं आणि उठली.

माल परत आल्यापासूनचे दिवस शिकवणीत गेले म्हणून कार्डावर धरलेच नव्हते; उरलेले तीन दिवस मुलांनी काम केलं. चोवीस तास झाले. कार्डं भरली. चौथ्या दिवशी टेम्पो शाळेच्या फाटकाशी आला आणि रिकामा परत गेला, कारण दोनशे चाळीसच्या वर एक तासही राबवायला करारात मनाई होती. अडतीस अर्ज मुदतीच्या आत पुढे गेले. पोरीचा अर्ज शिपाई स्वतः टपालात टाकून आला, आणि पेटीत पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथे उभा राहिला.

हंगाम मात्र अजून तीन आठवड्यांचा होता. गाड्या भरून कांदा कारखान्याच्या आवारात येऊन पडला होता आणि उन्हात तापत होता. दोन दिवसांत त्याचा वास गल्लीपर्यंत आला. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर यादी घेऊन दारोदार फिरला. तोफेकडे आला, तिच्या शेजारणीकडे आला. शिपाईणीच्या दारावरून पुढे जाऊ लागला.

"आणि मी?"

सुपरवायझरने यादीत पाहिल्यासारखं केलं. "मावशी, तुम्ही आता प्रशिक्षक. प्रशिक्षकाला पट्ट्यावर बसवता येत नाही. वरून सांगितलंय."

"मग प्रशिक्षकाचा पगार द्या."

"त्याची तरतूद नाहीये," तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. तिच्याकडे न बघता तो बोलला.

तोफ म्हणाली, "ही नाही तर मीही नाही." शिपाईण म्हणाली, "गप जा. तुला दोन पोरं आहेत." तोफ गेली. जाताना ती 'येते गं' एवढंच म्हणाली, तेव्हा गल्लीला पहिल्यांदा कळलं की तिलाही बारीक आवाज आहे.

हंगाम संपला आणि योजनेचा समारोप झाला. शिपाईण गेली नव्हती. शिपाई रात्रीच्या जेवणाला बसला तेव्हा त्याने सांगितलं. मुख्य कार्यालयातून मोठे साहेब आले होते. अहवाल वाचला गेला. अडतीस विद्यार्थी भविष्यासाठी सज्ज झाले. आणि योजनेमुळे गावातल्या एकोणचाळीस गरजू महिलांना हंगामी रोजगार मिळाला. त्या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

"एकोणचाळीस," शिपाईण म्हणाली. "आम्ही चाळीस होतो. मला कुठं धरलं?"

"तुला त्यांच्यात धरलेलं नाही," शिपाई म्हणाला. "तुझं नाव वेगळ्या पानावर होतं. शाळा, कारखाना आणि तू. 'भागीदार' अशा मथळ्याखाली."

शिपाईणीने त्याच्या ताटात वाढलं, पोरीच्या ताटात वाढलं. भांडं खाली ठेवलं.

"पोरी, पुलापलीकडं रस्त्याचं काम निघालंय म्हणतात," ती म्हणाली. "उद्या मला पाचला उठव. लवकर गेलं तर खडी फोडायला घेतात."